उपेंद्ररावांची पट्टी आणि शलाकाचं खोकं

निवृत्तीनंतर जगातली प्रत्येक वस्तू आखूड मिळू लागली आहे, असं उपेंद्ररावांचं ठाम मत झालं होतं.

पहिला पुरावा गादीचा. निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी स्वतःच्या हातांनी सहा बाय सहाचा सागवानी पलंग केला आणि बाजारातून सहा बाय सहाची गादी आणली. ती पलंगाला दीड इंच कमी. त्या फटीत वीणाताईंचा चष्मा आठवड्यातून दोनदा पडायचा. गादीवाल्यानं दोन वेळा गादी बदलून दिली. तिसऱ्या वेळी तो बिचारा स्वतः आला आणि गादीवर टेप धरून सहा फूट मोजून दाखवले. उपेंद्ररावांनी त्याच गादीवर आपली पट्टी ठेवली. पाच फूट साडेदहा. गादीवाल्यानं दोन्ही हात जोडले, आणि त्यानंतर त्यानं या घराचा फोन कधी उचलला नाही.

"माल मारतात," उपेंद्रराव म्हणायचे. "सगळीकडे बोटबोटभर मारतात. कुणी मोजत नाही ना!"

ते मात्र मोजायचे. बत्तीस वर्षं त्यांनी बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात पॅटर्न शॉपमध्ये काढली होती. यंत्राचा जो भाग पोलादात ओतायचा, तो आधी हुबेहूब लाकडात करायचा, हे पॅटर्न शॉपचं काम. तो लाकडी नमुना वाळूत दाबून काढून घेतला, की उरलेल्या पोकळीत वितळलेलं पोलाद ओततात. केसाएवढी चूक झाली तरी शंभर किलोचा तुकडा भंगारात. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना शाल, नारळ आणि त्यांचीच रोजची दोन फुटी पोलादी पट्टी भेट दिली. तिच्या एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला मिलिमीटर. टोकाला पूर्वी काहीतरी अक्षरं ठोकलेली होती, ती बत्तीस वर्षं अंगठा घासून गुळगुळीत झाली होती. उपेंद्रराव टेपला हात लावत नसत. टेप शिंप्यांनी वापरावी, असं ते म्हणत.

दुसरा पुरावा वीणाताईंच्या भांडी धुण्याच्या मशीनचा. बनशंकरीतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघरामागे कपडे-भांडी धुण्याची जागा आहे, तिला इकडे सगळे युटिलिटी म्हणतात. तिथे उपेंद्ररावांची हत्यारांची पेटी होती. रंधे, पटाश्या, करवती, गुण्या, सगळं आत तेल लावून निजवलेलं. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये मशीन ठेवावं असा वीणाताईंचा बेत होता. मशीन साठ सेंटीमीटरचं. उपेंद्ररावांनी पट्टी लावली आणि खेदानं मान हलवली.

"साडेएकोणसाठ. अर्धा सेंटीमीटर कमी पडतो गं."

हा अर्धा सेंटीमीटर त्या घरात दोन वर्षं नांदला. शेवटी मुलगा आशय म्हणाला, "बाबा, स्पष्ट बोलतो. पेटी काढू या. दोन वर्षांत तुम्ही ती किती वेळा उघडलीत? सोमवारी जुन्या सामानाचा माणूस येतोय, त्यालाच देऊन टाकू. आईनं अजून किती दिवस भांडी घासायची?"

आईनं भांडी घासू नयेत हे उपेंद्ररावांना पटत होतं, आणि पेटी जाऊ नये हेही पटत होतं. अशा वेळी माणूस पेपर उघडतो. त्यांनी उघडला.

वाचवलं ते शलाकानं. शलाका म्हणजे आशयची बायको, पुण्याची. ती रोज बनशंकरीहून एचएसआर लेआउटला गाडीनं जायची. अंतर फार नाही, पण सिग्नल इतके की येता-जाता मिळून तिची एक अख्खी मैफल व्हायची.

"बाबा, मला ना गाडीत बेसच मिळत नाहीये. सगळं नुसतं रॅटल होतं. मला डिकीत कस्टम एन्क्लोजर हवंय. वुडन, वर लेदर रॅप्ड. दुकानवाला एक महिना थांबा म्हणतोय."

"म्हणजे काय हवंय?"

"म्हणजे... स्पीकरचं खोकं. लाकडी. वरून चामडं."

उपेंद्ररावांनी पेपर खाली ठेवला. "खोकं ना? रविवारी सकाळी गाडीत बसवून देतो." मग आशयकडे न बघता म्हणाले, "बसलं, तर पेटी राहील. नाही बसलं, तर सोमवारी मी स्वतः ती खाली नेऊन देईन."

"डील," आशय म्हणाला. वीणाताईंना मशीनही हवं होतं आणि नवराही.

*

काम करायचं कुठे, हा पहिला प्रश्न. शलाका गाडी घेऊन गेली की तळघरातली त्यांची पार्किंगची जागा मोकळी असायची, तेव्हा तिथेच. पण इमारतीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी नरसिंहराव हे निवृत्त ऑडिटर. त्यांचं घराणं तीन पिढ्या बेंगळुरूचं, आणि मराठीही तीन पिढ्या इथेच मुरलेली.

"करा की, उपेंद्रण्णा, कोण नको म्हणतंय? सरी, चालेल. पण सुतारकाम म्हटलं की सुताराचा पास लागतो."

"सुतार नाहीये. मीच करणार आहे."

"मग तुमचा पास. रूल आहे. उद्या दुसरे कुणी म्हणतील, उपेंद्रण्णांना कसा पास नव्हता? स्वल्प माझाही विचार करा."

फॉर्म भरला. मालकाचं नाव : उपेंद्र. कामगाराचं नाव : उपेंद्र. खाली छापलेलं होतं, 'सदर कामगाराच्या वर्तनाची जबाबदारी माझी राहील.' त्याखाली मालक म्हणून एक सही आणि कामगार म्हणून एक सही. दोन्ही सह्या सारख्या दिसतात म्हणून नरसिंहराव जरा घुटमळले.

वीणाताईंनी फॉर्म वाचला. "तुमच्या वर्तनाची जबाबदारी इतकी वर्षं मी घेतेय. माझी सही कुणी मागितली नाही ती!"

कामाची वेळ दहा ते एक आणि तीन ते पाच. रविवारी बंद. त्यात शलाकाची गाडी आठला जाणार आणि सातच्या पुढे येणार. म्हणजे जेव्हा सुतार होता तेव्हा गाडी नव्हती, आणि गाडी होती तेव्हा सुताराला मनाई. म्हणून शलाकानं ऑफिसच्या पार्किंगमध्ये टेप लावून डिकीची मापं घेतली आणि फोनवर पाठवली. चाकांच्या दोन फुगवट्यांमधली जागा शहाण्णव सेंटीमीटर.

पास गळ्यात अडकवून उपेंद्रराव वर निघाले तर सिक्युरिटीवाला आडवा आला.

"सार, ही रहिवाशांची लिफ्ट. कार्पेंटर सर्विस लिफ्ट."

"अरे, मी तिसऱ्या मजल्यावरचा! रोज तू मला नमस्कार करतोस!"

"नमस्कार सार," तो म्हणाला आणि सर्विस लिफ्टचं बटण दाबून दिलं. उपेंद्रराव कचऱ्याच्या दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून तिसऱ्या मजल्यावर पोहोचले.

*

प्लायवुड आणायला ते दयानंदच्या दुकानात गेले. शलाकानं सांगितलं होतं की हल्ली ही खोकी एमडीएफची करतात, आवाज घुमत नाही. पण भुसा दाबून केलेल्या फळीला लाकूड म्हणायला उपेंद्रराव तयार नव्हते. त्यांनी अठरा मिलिमीटरचा प्लाय काढायला लावला, वाकून त्याचे थर मोजले, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला आणि मग पट्टी लावली.

"दयानंद, ही शीट सात फूट दहा इंच आहे."

"आठ फूट आहे, सार." दयानंदनं टेप ओढून दाखवली. आठ फूट.

"तुझी टेप ताणली गेलीय."

"पोलादी टेप कशी ताणेल, सार?"

"ते टेप बनवणाऱ्याला विचार."

मंगळवारी कापाकापी झाली. खोक्याच्या चार कोपऱ्यांना त्यांनी दातात दात अडकवून सांधे केले. नुसत्या खिळ्यांवर स्पीकरचा धक्का महिनाभरही निभणार नाही, हे त्यांना कळत होतं. पुढची फळी शलाकाला गोलाई दिलेली हवी होती. ताठ फळी वाकवायची तर मागच्या बाजूनं बोटबोट अंतरावर करवतीनं काप घ्यायचे आणि पुढचा एकच थर शिल्लक ठेवायचा. मग ओल्या गरम फडक्यानं शेकत शेकत ती हळूहळू वळवायची. पहिली फळी वळता वळता तडकली. जिन्याजवळ उभे राहून बघणारे नरसिंहराव म्हणाले, "मोडलं वाटतं."

"मोडलं नाही. तडकलं."

"फॉर्ममध्ये काय लिहू?"

दुसरी फळी मात्र अशी वळली, जशी केळीच्या पानाची कड. स्पीकर बसवायचं भोक काढलं, तर त्यात स्पीकर ढिला. "बघ," उपेंद्रराव स्वतःशीच म्हणाले, "स्पीकरसुद्धा लहान करायला लागले." स्पीकरच्या कडेनं फट झाकली गेली म्हणून त्यांनी कंपनीला माफ केलं.

बुधवारी सांध्यांना कडेनं चिकटवणीचा हात फिरवला. ही चिकटवणी उग्र वासाची. तो वास लिफ्टच्या पोकळीतून थेट सातव्या मजल्यापर्यंत गेला. इमारतीच्या ग्रुपवर संदेश आला, 'गॅस गळती?' मग दहा मिनिटांत छत्तीस घरांतले सिलिंडर बंद झाले. कुणाच्या उपम्याचा रवा अर्धा भाजून राहिला, कुणाचा कुकर दुसऱ्या शिट्टीला थांबला. लोक जिन्यानं खाली आले, तर तळघरात गळ्यात पास अडकवलेले उपेंद्रराव हातात ब्रश घेऊन उभे. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला. उत्तर फार कमी जणांनी दिलं.

*

चामडं चढवायला मंजुनाथ आला. गाड्यांच्या सीटा शिवणारा हा कारागीर मूळ हुबळीचा, त्यामुळे त्याला मराठी यायची. चामडं पिकल्या चिकूच्या रंगाचं होतं. वीणाताईंनी ते घरात नेऊ दिलं नाही, देवघराच्या वाटेवर तर नाहीच.

मंजुनाथनं खोक्यावरून हात फिरवला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "अण्णा, हे कुणी केलं?"

"मी."

"आमच्याकडचे सुतार असा कोपरा करत नाहीत. ते खिळा मारतात आणि वरून चामडं ओढून घेतात. झाकलं की कोण बघतंय!"

हे वाक्य आशयनं ऐकायला हवं होतं, पण तो ऑफिसात होता.

दोघांचं जमलं. चामड्याच्या कडा मागून तासून पातळ करायच्या, नाहीतर घडी जाड होते. चिकटवणी दोन्हीकडे लावायची आणि बोटाला चिकटेनाशी झाली की मगच टेकवायची. कोपऱ्यावर चामडं जमा होतं, तिथे पाचरीएवढा तुकडा कापून काढायचा. गोलाईवर त्याला ऊब द्यायची. ऊब देण्यासाठी शलाकाचा केस वाळवायचा ड्रायर आणला. तो चाळीस मिनिटं चालला आणि मग निवर्तला.

"ओढू नका अण्णा, ओढू नका," मंजुनाथ म्हणायचा. "चामड्याला घाई केलेली आवडत नाही. जरा समजावून घ्या."

उपेंद्ररावांनी मापात चामड्याची आणि खालच्या स्पंजाची जाडीसुद्धा धरली होती. दोन्ही बाजूंना तीन तीन मिलिमीटर. शहाण्णवच्या जागेत तयार खोकं पंचाण्णव पूर्णांक चार, म्हणजे सरकवायला मोकळीक. हे त्यांनी मंजुनाथला दोनदा समजावून सांगितलं. "मापात सूट धरायची असते. वस्तू शेवटी कशी होणार आहे, ते आधी डोक्यात हवं. पॅटर्न शॉपमध्ये हाच पहिला धडा."

शनिवारी संध्याकाळी पाचला दोन मिनिटं कमी असताना खोकं पुरं झालं. ते इतकं देखणं झालं होतं की सिक्युरिटीवाला आपली खुर्ची सोडून बघायला आला आणि कुणी सांगितलं नसताना त्यानं पायातल्या चपला काढल्या.

*

रविवारी सकाळी तळघरात निम्मी इमारत जमली. नरसिंहराव आज काम होत नाही ना, एवढंच बघायला आले होते. बसवणं हे काम आहे की नाही, यावर थोडी चर्चा झाली आणि हातोडी न वापरल्यास ते काम नाही, असं ठरलं. मंजुनाथ खोकं धरायला आला होता. शलाकानं डिकी उघडली. वीणाताई पदर खोचून उभ्या होत्या.

खोकं आत गेलं आणि अर्ध्यावर अडलं.

"तिरकं घ्या," कुणीतरी म्हणालं. तिरकं घेतलं. अडलं.

"मागची सीट पाडा." पाडली. अडलं.

"चाकातली हवा काढा," नरसिंहराव म्हणाले. त्यामागचं शास्त्र त्यांना कुणी विचारलं नाही.

"ढकलू नका," मंजुनाथ ओरडला, "चामडं सोलेल!"

आशयनं टेप आणली. डिकीची जागा शहाण्णव. खोकं सत्त्याण्णव पूर्णांक तीन.

"बाबा, सव्वा सेंटीमीटरच्या वर मोठं झालंय."

"अशक्य." उपेंद्ररावांनी पट्टी लावली. "पंचाण्णव पूर्णांक चार. आणि तुमची डिकी चौऱ्याण्णव भरतेय. गाडीच आखूड दिलीय तुम्हाला."

शलाका म्हणाली, "बाबा, गाडी कशी आखूड देतील?"

मंजुनाथ पुढे झाला. त्यानं उपेंद्ररावांच्या हातातली पट्टी हलकेच घेतली, गाडीच्या छतावर आडवी ठेवली आणि तिच्या कडेला आपली टेप लांबवली. शून्याला शून्य जुळवलं. सगळे वाकले. पट्टीवर दोन फूट संपत होते, तिथे टेपवर दोन फूट आणि वर जवळजवळ अर्धा इंच होता.

उपेंद्रराव पट्टीच्या गुळगुळीत टोकाकडे बघत राहिले. अंगठा आपोआप तिथे गेला आणि त्या अंगठ्याला आठवलं, तिथे काय ठोकलेलं होतं ते.

"ओतकामाची पट्टी," ते अगदी हळू म्हणाले.

"म्हणजे?" आशयनं विचारलं.

"पोलाद गार होताना आकसतं. शंभराला दोन. म्हणून लाकडी नमुना तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशोब कोण करणार? म्हणून पॅटर्न शॉपची पट्टीच दोन टक्के मोठी आखलेली असते. तिच्यावर शंभर मोजले की खरे एकशे दोन होतात. आम्ही नुसतं मोजत जायचो." त्यांनी पट्टी छतावरून उचलली. "बत्तीस वर्षं नुसतं मोजत गेलो. ती मोठी आहे, हे विसरूनच गेलो."

नरसिंहरावांनी नीट विचार करून विचारलं, "मग आता हे खोकं गार झालं की मापात येईल का?"

कुणी हसलं नाही, म्हणजे हसू नये म्हणून सगळ्यांनी फार प्रयत्न केला. उपेंद्ररावांनी पास गळ्यातून काढला. "ठरलं ते ठरलं. उद्या पेटी मी खाली आणतो."

आशयचा चेहरा पडला. जिंकल्यावर असं वाटतं हे त्याला माहीत नव्हतं. "बाबा, राहू दे, तसं काही..."

"थांबा," वीणाताई म्हणाल्या. त्या मघापासून बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "अहो, पलंग कशानं मोजला होता?"

उपेंद्ररावांनी हातातली पट्टी वर केली.

"म्हणजे गादी बरोबर होती!"

"होती."

"आणि मी त्या गादीवाल्याला काय काय बोलले!" त्यांनी कपाळाला हात लावला. पुढच्याच क्षणी तो हात खाली आला. "आणि माझ्या मशीनची जागा?"

उत्तराची वाट न पाहता त्या निघाल्या. रहिवाशांची लिफ्ट वर होती म्हणून त्या सर्विस लिफ्टनं गेल्या, त्यांच्या मागे उपेंद्रराव, मागे आशय आणि शलाका, आणि काम होत नाही ना हे बघायला नरसिंहराव. वीणाताईंनी शिवणाच्या डब्यातून आपली टेप काढली, युटिलिटीत गुडघे टेकून पेटीपासून भिंतीपर्यंत धरली आणि चष्मा वर सरकवून बघितलं.

"साठ पूर्णांक सात," त्या म्हणाल्या. "मशीन साठ."

मग त्या पेटीला टेकून जमिनीवरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "दोन वर्षं, अहो! दोन वर्षं मी अर्ध्या सेंटीमीटरसाठी भांडी घासली, आणि माझ्याकडे सात मिलिमीटर जास्तच होते!"

उपेंद्रराव खाली वाकले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शिवणाची टेप हातात घेऊन वाचली. साठ पूर्णांक सात. त्यांनी पुन्हा वाचली. मग पेटीच्या झाकणावर हात ठेवून ते तसेच उभे राहिले.

"उद्याच्या माणसाला मी नको म्हणून सांगतो," आशय म्हणाला.

*

गुरुवारी मशीन आलं आणि पेटी आणि भिंत यांच्यामध्ये लोण्यासारखं सरकलं. चामड्याचं खोकं दिवाणखान्यात दाराशी ठेवलं. त्यावर बसून बूट घालणं सोयीचं पडतं, असं नरसिंहरावांचं मत आहे, आणि तपासणीच्या निमित्तानं ते हल्ली वरचेवर येतात. पट्टी पेटीत तेल लावून ठेवली आहे. कधी पोलाद ओतायची वेळ आलीच तर असावी.

शलाकानं डिकीची मापं पुन्हा पाठवली. उपेंद्रराव प्लाय आणायला गेले तेव्हा त्यांना लांबून बघताच दयानंदनं टेप हातात घेतली आणि मान ताठ केली.

"मोजायचं कारण नाही," उपेंद्रराव म्हणाले. "आठ फूट आहे."

दयानंद घाबरला. त्यानं शीट दोनदा मोजून बघितली.

गादीवाल्याकडेही जायचं होतं, ते वीणाताईंनी त्यांच्यावर सोपवलं होतं. पण आधी खोकं. फळ्या घेऊन ते तळघरात आले, पास गळ्यात अडकवला आणि दहा वाजायची वाट बघू लागले. हत्यारं वरच राहिली आहेत हे लक्षात आल्यावर ते लिफ्टकडे निघाले. सिक्युरिटीवाल्यानं या वेळी रहिवाशांच्या लिफ्टचं दार उघडून धरलं.

"या सार. सेक्रेटरी सारनी सांगितलंय, तुम्हाला चालेल."

"नको," उपेंद्रराव म्हणाले. "कार्पेंटर आहे मी."

ते सर्विस लिफ्टमध्ये शिरले, कचऱ्याचे दोन डबे पायानं बाजूला सारले आणि शर्टाच्या खिशावरून हात फिरवून आत वीणाताईंची टेप आहे ना, याची खात्री करून घेतली.